यंत्र घेऊन आलेल्या पोरांना काय सांगाल?

(आपल्या सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

गेल्या वेळी मी रक्त कमी असण्याबद्दल बोलले होते. नंतर एका गटातल्या वहिनींनी विचारलं, "बाई, ही कॉलेजची पोरं-पोरी वह्या घेऊन गावात येतात, चूल बघतात, पाळणा बघतात, फोटो काढतात. म्हणे आमच्यासाठी यंत्र बनवणार. त्यांचं पुढं होतं काय?" प्रश्न मला फार आवडला. नोकरीत असताना उपकेंद्रात बसून मीही हेच मनात म्हणायची. आज त्यावरच बोलू.

सुरुवात अमेरिकेतल्या दोन पोरींपासून करते. टेक्सास राज्यात ह्यूस्टन नावाचं मोठं शहर आहे. तिथल्या राईस विद्यापीठात २०१० साली दोन विद्यार्थिनींना एक काम दिलं गेलं. जिथं लाईट नाही, प्रयोगशाळा नाही, अशा गावात बाईचं रक्त कमी आहे का ते कळलं पाहिजे, आणि ते स्वस्तात कळलं पाहिजे. मोठ्या दवाखान्यात यासाठी रक्ताची बारीक नळी गरागरा फिरवणारं यंत्र असतं. फिरवल्यावर काय होतं? आपण पाण्यानं भरलेली कळशी दोरीला बांधून गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, ते तळाकडंच दाबलं जातं. तसंच रक्तातल्या जड तांबड्या पेशी नळीच्या एका टोकाला जाऊन बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. मग नळीत तांबडा भाग किती आणि पाणी किती ते मोजायचं. तांबडा भाग कमी भरला तर रक्त कमी. एवढं सोपं आहे. पण त्या यंत्राला वीज लागते आणि त्याची किंमतही भारी असते.

त्या पोरींनी काय केलं असेल? तिकडं धुतलेल्या पालेभाजीचं पाणी झटकायला एक प्लॅस्टिकचं भांडं मिळतं. वरची मूठ दाबली की आतली जाळी भिंगरीसारखी फिरते. त्यांनी ते भांडं घेतलं. डोक्यात खोवायच्या कंगव्यांचे तुकडे, दह्याचे रिकामे डबे आणि गरम करून लावायचा गोंद वापरून आत रक्ताच्या नळ्या बसतील अशी सोय केली. एका वेळी ३० नळ्या बसायच्या. हातानं मूठ दाबत दहाएक मिनिटं फिरवलं की रक्त वेगळं व्हायचं. सगळा खर्च ३० डॉलरच्या आसपास. त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भांडं इक्वेडोर, स्वाझीलंड आणि मलावी या देशांतल्या दवाखान्यांत नेऊन वापरून पाहिलं गेलं.

आता मला यातलं काय महत्त्वाचं वाटतं, ते सांगते. भांडं चतुराईचं आहे, यात शंका नाही. पण ती पोरं सुट्टीत गेली कुठं? समुद्रावर फिरायला नाही, दवाखान्यात. तिथं नर्सबाईच्या शेजारी उभं राहून त्यांनी पाहिलं, की दहा मिनिटं मूठ दाबायला त्या बाईकडं वेळ तरी आहे का. दारात चाळीस बाया थांबलेल्या, एक पोर रडतंय, रजिस्टर भरायचं राहिलंय. माझ्यासारखीला विचाराल, तर दहा मिनिटं म्हणजेही फार झाली. हे कॉलेजात बसून कळत नाही.

रक्त कमी असणं म्हणजे आपल्याच घरातली गोष्ट, हे मी मागं सांगितलं होतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर कमी, ७ च्या खाली गेलं तर धोक्याचं. म्हणून यावर यंत्र काढायची खटपट आपल्या राज्यातही झाली. मुंबईजवळ वसई तालुक्यात पारोळ नावाचं गाव आहे. तिथं काम करणारे तरुण डॉक्टर अभिषेक सेन आणि त्यांचे मित्र मिश्किन इंगवले यांनी सुई न टोचता, बोटाला चिमटा लावून हिमोग्लोबिन सांगणारं यंत्र बनवायला घेतलं. गरोदरपणात रक्त कमी असून ते वेळेवर कळलं नाही, म्हणून तिथली एक बाई दगावली होती. त्या धक्क्यातून हे काम सुरू झालं. इंगवले स्वतःच सांगतात, की यंत्र बत्तीस वेळा फसलं. एखादीच्या पोळ्या बत्तीस वेळा करपल्या तर सासू तिला चुलीजवळ उभी तरी करील का? पण यंत्र बनवणाऱ्याला तेवढी मुभा द्यावी लागते. अट एकच, फसलेलं यंत्र आपल्या अंगावर चालवून बघू नये.

आता मलावीची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण लेकराच्या जिवाची आहे.

मलावी हा आफ्रिकेतला गरीब देश. तिथं ब्लँटायर शहरात क्वीन एलिझाबेथ नावाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकरांची छाती कच्ची असते. प्लॅस्टिकची पिशवी ओली झाली की तिचे दोन्ही पदर कसे चिकटून बसतात? तशी त्यांची फुफ्फुसं श्वास सोडल्यावर आतून चिकटतात, आणि पुढचा श्वास घ्यायला त्या एवढ्याशा जिवाला सगळं बळ लावावं लागतं. दोन दिवसांत ते थकून जातं. यावर उपाय म्हणजे नाकातून सतत मंद दाबानं हवा देत राहायची, म्हणजे फुफ्फुस मिटत नाही. मोठ्या शहरांत यासाठी यंत्रं असतात, पण त्यांची किंमत हजारो डॉलर. ब्लँटायरच्या डॉक्टरांनी राईस विद्यापीठाच्या रेबेका रिचर्ड्स-कोर्टम आणि मारिया ओडेन या दोन प्राध्यापक बाईंना ही अडचण सांगितली. त्यांनी ती विद्यार्थ्यांपुढं ठेवली.

पोरांनी पहिलं यंत्र केलं ते मासे पाळायच्या काचेच्या टाकीत हवा सोडणारे दोन पंप घेऊन. बेळगावात माशांच्या दुकानात बुडबुडे सोडणारे पंप असतात ना, तसलेच. ते बसवले बूट ठेवायच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात. लेकराच्या नाकातून आलेल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. नळी जितकी खोल, तितका हवेचा दाब जास्त. पाण्यात बुडबुडे येत राहिले की नर्सला लांबूनच दिसतं, यंत्र चालू आहे. मला हे फार आवडलं. आकडे नाहीत, लाल-हिरवे दिवे नाहीत. बुडबुडे येतायत, म्हणजे ठीक आहे.

पुढं त्याची नीट बांधणी झाली, आणि त्याच रुग्णालयात लेकरांवर त्याचा अभ्यास झाला. त्याचे आकडे २०१४ साली छापून आले. नुसता ऑक्सिजन दिलेल्या लेकरांपैकी शंभरातली ४४ बरी होऊन घरी गेली, या यंत्रावर ठेवलेल्यांपैकी शंभरातली ७१. सत्तावीस जास्त. एका वॉर्डातली सत्तावीस लेकरं डोळ्यांसमोर आणून बघा.

पण मैत्रिणींनो, यंत्र खोक्यातून बाहेर काढलं की काम होतं, असं समजू नका. ते नाकात नीट बसवायचं कसं, किती वेळ ठेवायचं, कधी काढायचं, हे नर्सना शिकवावं लागतं. शिकलेली नर्स बदली होऊन गेली तर नव्या बाईला परत शिकवावं लागतं. फोटोत यंत्र दिसतं, शिकवणारी दिसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. ती नेपाळातून सुरू होते आणि भारतात येते.

अमेरिकेतच स्टॅनफर्ड नावाचं विद्यापीठ आहे. तिथं २००७ साली एका वर्गाला काम मिळालं: कमी वजनाच्या लेकरांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, ती पेटी शंभरातल्या एका भागाच्या किमतीत करून दाखवा. चांगली पेटी वीस हजार डॉलरपर्यंत जाते. वर्गातला एक मुलगा पाहणीसाठी नेपाळात गेला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला काय दिसलं असेल? देणगीत मिळालेल्या पेट्या होत्या, आणि बऱ्याच रिकाम्या पडल्या होत्या. मग लेकरं कुठं होती? लेकरं खेड्यांत जन्मत होती. डोंगरातून शहरापर्यंत पोचायच्या आधीच गार पडत होती. पेटी स्वस्त करून काय उपयोग, पेटीपर्यंत लेकरूच येत नाही तर?

त्यानं परत जाऊन मित्रांना सांगितलं, की आपला प्रश्नच बदलला पाहिजे. पेटी नको. आईच्या हातात राहील, विजेशिवाय चालेल असं काहीतरी पाहिजे. त्यातून एक उबदार पिशवी तयार झाली. त्यात एक मेणासारखा पदार्थ भरलेली उशी असते. आपलं खोबरेल तेल थंडीत थिजतं ना? हा पदार्थ थिजतो ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेला. उशी आधी गरम करून घ्यायची. मग थिजता थिजता ती चार ते सहा तास सारखीच ऊब देत राहते. जास्त तापत नाही, एकदम गारही होत नाही. त्या पोरांनी शिक्षण झाल्यावर भारतात येऊन बंगळूरला बस्तान मांडलं. पिशवी बाजारात यायला २०११ साल उजाडलं. वर्गातल्या गृहपाठाला चार वर्षं लागली, बघा.

आणि आता ऐका, एका आईनं काय केलं ते. पिशवी अजून तयार होत होती. उशी किती तापली हे दाखवणारी आकड्यांची पट्टी तिच्यावर होती. भारतातल्या एका खेड्यात बायकांना ती दाखवली आणि सांगितलं, ३७ पर्यंत तापवायची. एक आई म्हणाली, की डॉक्टर चमचाभर औषध दे म्हणाले तर मी अर्धाच चमचा देते, कारण इंग्रजी औषध कडक असतं. तुम्ही ३७ सांगितलंत तर मी तीसवरच थांबेन, लेकराला भाजायला नको म्हणून.

तुम्ही हसताय. हसू नका, आपणही हेच करतो. तापाचं औषध मोजून न देता अंदाजानं कमी देतो, लोहाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतो. त्या बाईनं खरं सांगितलं म्हणून ती पट्टी बदलली. आकडे काढून टाकले आणि तिथं फक्त "ठीक" किंवा "ठीक नाही" एवढंच दिसेल असं केलं. तिनं लाजून मान डोलावली असती, "हो हो, छान आहे" म्हटलं असतं, तर ती पिशवी तशीच आकडे घेऊन गावोगाव गेली असती आणि कितीतरी लेकरं तीस अंशांच्या उशीवर झोपली असती. कॉलेजच्या एवढ्या शिकलेल्या पोरांना जे दिसलं नव्हतं, ते त्या आईच्या एका वाक्यानं दिसलं.

आपली खोड काय आहे माहीत आहे? दारात पाहुणा आला की त्याला वाईट वाटेल असं बोलायचं नाही. पोरगी लांबून आली आहे, उन्हातून चालत आली आहे, तिला चहा द्यायचा, आणि तिनं दाखवलेलं काहीही असो, "छान आहे हो" म्हणायचं. चहा जरूर द्या. पण "छान आहे" म्हणून तिला परत पाठवू नका. तिला आपली चूल दाखवा. पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते ते सांगा. मोबाईल घरात एकच आहे आणि तो मालकांच्या खिशात असतो, तेही सांगा. मोबाईलवर चालणारं यंत्र बाईच्या काय कामाचं, मोबाईलच जर तिच्या हातात नसेल?

माझ्या माहेरी पूर्वी निर्धूर चूल आली होती. चांगली कल्पना, धूर नळीवाटे वर जायचा. पण ती नळी कौलं फोडून वर काढलेली. आपल्या चंदगडचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. पहिल्याच आषाढात नळीच्या कडेनं पाणी गळायला लागलं आणि चुलीत भिजलेली राख. आईनं नळी काढून भोक बुजवलं आणि जुनी चूल परत मांडली. लोक म्हणाले, बायकांना सुधारणा नको असते. कुणी आईला विचारलं नव्हतं, की तुझ्या छपरावर पाऊस किती पडतो.

आता आपल्या राज्यातली जी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते, ती सांगते. गडचिरोलीची.

डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग हे नवरा-बायको अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. म्हणजे हे उलटं झालं. तिकडची पोरं इकडं येतात, हे शिकायला तिकडं गेले आणि आपल्या माणसांत परत आले. तिथं लेकरं न्यूमोनियानं मरत होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासांची गती. डॉक्टर मिनिटात किती श्वास ते मोजतो. पण गावातल्या दाईला, जिला अक्षरओळख नाही, पन्नास-साठ मोजायचे कसे?

त्यांनी एक साधं उपकरण केलं, श्वास मोजायचं. मण्यांच्या दोन ओळी आणि बरोबर एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर कोणतीही बाई मोजते. अगदी लहान तान्ह्यासाठी एक ओळ, त्यात पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. त्याहून मोठ्या लेकरासाठी दुसरी, त्यात चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. बास. पाटी नाही, पेन्सिल नाही, बॅटरी नाही. आणि नुसतं ओळखायचंच नाही, औषध द्यायचं कामही गावातल्याच माणसांना शिकवलं. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि ते १९९० साली जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं.

पुढं ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळांची काळजी घ्यायला तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. वजन करायचं, ताप बघायचा, बाळाला उबदार पिशवीत ठेवायचं, श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग झाला तर सुई द्यायची, हे सगळं त्या शिकल्या. आधी हजार जन्मांमागं ६२ तान्ही बाळं पहिल्या महिन्यातच जायची. १९९७-९८ पर्यंत ती संख्या २५ वर आली. त्यानंतर २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या आशाताईच्या पिशवीत घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी असते. ती पिशवी गडचिरोलीतून चालत आली आहे. तेव्हा आशाताई दारात आली की "आमचं बाळ बरं आहे, जा तू" म्हणून तिला वाटेला लावू नका. तिला बाळाचे श्वास मोजू द्या.

हे तुम्हीही घरी मोजू शकता, म्हणून सांगून ठेवते. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचं पोट उघडं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास झाले, की दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, आपण ज्याला पोट उडतंय म्हणतो, किंवा बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल, तर मोजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. कोल्हापूर आपल्याला शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. बेळगाव जवळ असलं तरी रात्री पावसात वाट सोपी नाही. म्हणून आपल्या तालुक्यात ओळखण्याला जास्त किंमत आहे. लवकर ओळखलं तर वाटेत वेळ हाताशी राहतो.

बाळाला उबेत ठेवण्याचं आणखी एक सांगते, कारण यंत्रांच्या कौतुकात ते विसरायला नको. १९७८ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त झाली होती. त्यांनी काय केलं, तर बाळाला उघडं करून आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं, लुगड्यात बांधल्यासारखं बांधून ठेवलं. कांगारू प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाला हे फार मानवतं. आई दमली तर बाळाची आजी, आत्या, अगदी बाप सुद्धा छातीशी घेऊन बसू शकतो. यात यंत्र काहीच नाही. कधीकधी परदेशी पोरांनी खेड्यात येऊन शिकण्यासारखं हेच असतं, की इथं काही बनवायचीच गरज नाही. पण असं लिहून दिलं तर कॉलेजात मार्क मिळत असतील का, कोण जाणे.

नाशिकलाही असं एक काम झालं. एमआयटी या अमेरिकेतल्या संस्थेत रमेश रासकर हे प्राध्यापक आहेत. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. डोळ्याला चष्म्याचा नंबर किती लागेल हे मोबाईलला एक लहानसं भिंग जोडून कळावं, असं यंत्र त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर केलं होतं. २०१५ च्या कुंभमेळ्याआधी त्यांनी एमआयटीची मुलं आणि नाशिकची मुलं एकत्र बसवून शिबिरं भरवली: गर्दी, रोगराई, अन्न, पाणी, यावर काय करता येईल? २००३ च्या नाशिक कुंभात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती. नाशिकच्याच एका शाळकरी मुलानं पायाखाली अंथरायची एक चटई केली. तिच्यावरून किती माणसं गेली ते मोजलं जातं, म्हणजे गर्दी वाढायच्या आधीच कळतं. ती २०१५ च्या कुंभात वापरून पाहिली.

मला यातलं आवडतं ते हे, की परदेशी पोरांनी येऊन एकट्यानं काही केलं नाही, इथल्या पोरांना बरोबर घेतलं. मुंबईच्या आयआयटीतही वैद्यकीय उपकरणं बनवायचं एक केंद्र आहे, पुणे आणि नागपूरच्या कॉलेजांशी जोडलेलं. तिथं डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसतात. आपल्या तालुक्यातल्या पोरी आता गडहिंग्लजला, कोल्हापूरला, बेळगावला इंजिनिअरिंग शिकतात. त्यांना परदेशी जायची काय गरज? पुण्याच्या पोरीला आपलं गाव परदेशच आहे. आपल्या पोरीला तसं नाही. तिला माहीत आहे, की बाळंतिणीच्या खोलीत खिडकी बंद असते, आणि सासूबाईंना विचारल्याशिवाय बाळाच्या नाकात नळी घालता येत नाही. तुमच्या भाचीला, पुतणीला कॉलेजात एखादा प्रकल्प करायचा असेल, तर तिला उपकेंद्रात पाठवा. नर्सबाईंजवळ दिवसभर बसून राहा म्हणावं.

दुरुस्तीचं बोलायचं राहिलं. गरीब देशांतल्या दवाखान्यांतली जवळजवळ ४० टक्के यंत्रं बंद पडलेली असतात, असं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्राध्यापक रॉबर्ट मल्किन यांनी मोजून दाखवलं. त्यांनी काय केलं, तर विद्यार्थ्यांना नवी यंत्रं बनवायला न पाठवता जुनी दुरुस्त करायला पाठवलं. ही पोरं सुट्टीत मध्य अमेरिकेत, आफ्रिकेत जातात. आधी महिनाभर तिथली भाषा आणि दुरुस्ती शिकतात, मग महिनाभर दवाखान्यात बसून बंद यंत्रं चालू करतात. पुष्कळ यंत्रं तर साध्या कारणानं अडलेली असतात: प्लग सैल, वायर तुटलेली, फ्यूज उडालेला. जे काम आपल्या गावातला मोटार दुरुस्त करणारा मुलगा अर्ध्या तासात करील. नवं यंत्र आलं की फीत कापतात, दुरुस्तीला हार कोण घालणार? पण मला विचाराल तर मी दुरुस्तीवाल्या पोरांना जास्त मान देते.

म्हणून गावात कुणी यंत्र घेऊन आलं, तर गटानं पहिल्यांदा एवढंच विचारायचं: हे बंद पडलं तर कोण येणार, आणि कुठून येणार? बॅटरी चंदगडच्या बाजारात मिळेल का? उत्तर "बघू" असं आलं, तर आपणही "बघू" म्हणायचं.

आणि आपल्या अंगाचं काही द्यायचं असेल, रक्त, लघवी, बाळाचं वजन, फोटो, तर ते कशासाठी आणि कुणाकडं जाणार हे विचारायचा हक्क तुमचा आहे. नको म्हणायचाही हक्क आहे. नको म्हटलं म्हणून आशाताईच्या गोळ्या बंद होत नाहीत, सरकारी दवाखाना बंद होत नाही. बाळंतिणीचा फोटो तर तिला विचारूनच काढायचा, तिच्या नवऱ्याला किंवा सासूला विचारून नव्हे. आणि जाताना त्या पोरांना सांगा, की जे कळलं ते आम्हांला परत येऊन सांगा. मराठीत सांगा. माझ्या सगळ्या नोकरीत पाहणी करून गेलेले पुष्कळ पाहिले, परत येऊन सांगणारे बोटांवर मोजण्याइतके. जी थोडी परत आली, त्यांच्याशी बाया कशा मोकळ्या बोलल्या ते मी पाहिलं आहे. पहिल्या खेपेला चहा आणि "छान आहे", दुसऱ्या खेपेला खरी गोष्ट.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करा. आपल्या उपकेंद्रात, अंगणवाडीत कोणतं यंत्र बंद पडून आहे, वजनकाटा, बीपीचं यंत्र, दिवा, जे काही असेल ते, कागदावर लिहा. किती दिवसांपासून बंद आहे, तेही लिहा. कागद कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. आलेली यादी मी पुढच्या महिन्यात याच वेळी वाचून दाखवीन, आणि तालुक्यातल्या एका इलेक्ट्रिशियन दादांना बरोबर बोलावणार आहे. त्यांना काय विचारायचं तेही लिहून ठेवा.

येते आता. नमस्कार.